कानामागच्या गाठी

"प," मी म्हटलं. ओठांसमोर धरलेली कागदाची पट्टी हलली.

छबीने ओठ आवळले, गाल फुगवले. पट्टी हलली नाही.

"हे बघ. प." मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. तिचा तळहात माझ्या ओठांसमोर धरून हवा सोडली. मग माझा गाल तिच्या तोंडाजवळ नेला. आता तू. तिने जोर केला. गालावर ऊन वाफ आली, थोडी थुंकी आली, आणि पावडरचा वास आला.

बहिऱ्या मुलांना बोलायला तेव्हा असंच शिकवत. त्र्याऐंशी साल होतं. वर्गात हातांना बंदी. मुलांनी हात मागे बांधायचे, बाईंचे ओठ बघायचे, गळ्याला हात लावून आवाज कुठून निघतो ते चाचपायचं. हात वापरू दिले तर मूल जन्मात बोलणार नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. शाळा सुटली की वसतिगृहात हीच मुलं हातांनी भांडत, हातांनी चहाड्या करत, हातांनी आमच्या नकला काढत. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो.

छबी लोखंडे आठ वर्षांची होती. नकला काढण्यात पहिली. त्या दिवशी मात्र ती गप्प होती, म्हणजे तिचा चेहराही गप्प होता. दिवाळीची सुट्टी संपवून आदल्या दिवशीच तिची आई तिला सोडून गेली होती. तोंडाला पावडरचा हा थर. मान सावळी आणि तोंड पांढरंफटक.

"नाटकात काम करतेस काय गं?" मी ओठांनी विचारलं.

ती हसली नाही.

मी तिचं यंत्र नीट करायला घेतलं. त्या काळी यंत्र छातीवर कापडी पिशवीत असे, त्यातून वायर निघे आणि वायरच्या टोकाला कानात बसणारा साचा. साचा बसवताना कानाची पाळी मागे ओढावी लागते. मी ओढली आणि छबी कळवळली. मी कानामागे बोट फिरवलं.

गाठी होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या. दुसऱ्या कानामागे तशाच. मानेवर खाली अजून.

रुमाल तांब्यातल्या पाण्यात बुडवून तिचा गाल पुसला. पावडर निघाली. खाली गुलाबी ठिपके होते, पुसट होत चाललेले.

मी उठले आणि पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे गेले. छबीला वाटलं खेळ आहे. ती माझ्यामागे धावली, माझा पदर ओढून मला खाली वाकवलं आणि गालावर फुंकलं. प. स्वच्छ, सुटा, हवेसकट. तीन वर्षांत पहिल्यांदा जमलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, शाबासकीसाठी.

मला तिसरा महिना होता.

*

हे कुणालाच माहीत नव्हतं. तिसरा महिना सरेपर्यंत सांगायचं नसतं. आणि माझं आधी दोनदा वाया गेलेलं, त्यामुळे या खेपेला तर शब्दही काढायचा नाही असं आमच्या घरात ठरलं होतं. शाळेत कुणाला कळू नये म्हणून मी ओकारी आली तरी मागच्या बागेत जाऊन यायची आणि पित्त झालंय म्हणायची.

आणि छबीच्या आईने, हौसाबाईने, तिचं सांगितलं नव्हतं. गोवर, कांजिण्या, लेकराच्या अंगावर उठणारं काहीही असो, आमच्या भागात त्याला बाया आल्या म्हणतात. बाया घरात असेपर्यंत दाराला कडुलिंबाचा डहाळा, कढईत फोडणी नाही, मोठ्याने बोलणं नाही. मग दहीभाताचा नैवेद्य दाखवून त्यांना शिवेपर्यंत पोचवून यायचं. एकदा पोचवल्या की मागे त्यांचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की त्यांना बोलावल्यासारखं होतं. हौसाबाईने सगळं रीतीने केलं. पोरीला न्हाऊ घातलं. वसतिगृहाच्या ताई डाग दिसले तर परत पाठवतील, म्हणून वरून पावडर लावली आणि एसटीने आणून सोडलं.

तिने बायांचं सांगितलं नाही. मी बाळाचं सांगितलं नाही.

*

आता मला काय माहीत होतं, ते.

दर जूनमध्ये नवी मुलं यायची. आया माझ्यासमोर सतरंजीवर बसायच्या आणि मी एकेकीला विचारायची. बाळंतपण घरी की दवाखान्यात? पोटात असताना पडलात का? ताप? कावीळ? शेवटी विचारायची, अंगावर काही उठलं होतं?

इथे बऱ्याच जणी थांबायच्या.

हौसाबाई पहिल्यांदा आली तेव्हा छबी तिच्या कडेवर होती.

"उठलं हुतं की. गुलाबी. तीन दिसात गेलं बी. त्याचं काय?"

"कितवा महिना होता?"

"तिसरा आसंल. म्या कुणाला बोलले बी नव्हते तवा."

"त्यानेच झालं, हौसाबाई."

"कशानं?"

"तो एक रोग आहे. जर्मन गोवर म्हणतात. मोठ्या माणसाला काही करत नाही, पण पोटातल्या बाळाच्या कानाला धरतो."

तिने छबीला मांडीवर सरकवलं. "म्हंजी गिराणात भाजी चिरली म्हणून न्हाई?"

"नाही."

"सासू म्हनती, गिराणात म्या इळी हातात घेतली. येता जाता म्हनती."

"ग्रहणाने काही होत नाही. सासूला माझ्याकडे पाठवा."

हौसाबाई रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली. शेजारच्या बाईच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "ऐकलंस का गं? इळी न्हाई!"

त्या दिवशी मी तिला आणखीही सांगितलं होतं. तुमच्या पोरीत काही कमी नाही. फक्त ऐकू येत नाही. सगळ्या आयांना सांगायची. माझा त्यावर विश्वास होता.

*

मिरजेच्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या.

"लहानपणी झाला होता का तुम्हाला?"

"माहीत नाही. आई म्हणायची, तुला सगळं होऊन गेलंय."

"आईंना विचारा नीट."

"आई नाही आता."

त्यांनी चष्मा काढला. "पोटात असताना लागलेल्या मुलांना क्वचित पुन्हा होतो, तसं त्या पोरीचं झालं असेल. पण तुम्हाला लहानपणी झालेला असेल तर काळजी नाही. नसेल तर..." त्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या. श्रेणिक पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालव्याची लेव्हल बघावी तसं प्रत्येक गोष्टीकडे एक डोळा बारीक करून बघायचे. "यांना मी काय सांगणार? यांच्या शाळेत निम्मी मुलं त्यातलीच असतील."

"म्हणजे नुसते कान?" श्रेणिकनी विचारलं.

"कान. डोळे. हृदय. कधी डोकंसुद्धा. आणि कधी काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे मूल धडधाकट."

"मग ते आधी कळेल की."

"नाही कळणार. रक्त मुंबईला पाठवते. फार तर तुम्हाला लागण झाली की नाही ते कळेल. बाळाचं नाही." मग माझ्याकडे बघून, आवाज उतरवून, "काय ते लवकर ठरवा. कायद्याने करता येतं. उशीर करू नका."

स्टँडवर चहा घेतला. बशीत चहा ओतून श्रेणिक त्याकडेच बघत बसले.

"मोकळं व्हायचं, पद्मा."

मी माझ्या कपावरची साय बोटाने काढली.

"पुन्हा होईल. वय काय गेलं नाही आपलं."

"दोनदा पुन्हाच झालं होतं."

"तू रोज त्यांच्यात असतेस, म्हणून तुला सोपं वाटतं."

"मला रोज दिसतं ते किती अवघड आहे."

"मग?"

"मग काही नाही. चहा प्या."

*

रक्ताचा रिपोर्ट आला नाही. बाटली बर्फात घालून रेल्वेने पाठवली होती, बर्फ वाटेत वितळला. नमुना वाया गेला असं कळवलं त्यांनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा पाठवू, पण पुन्हा तितकेच दिवस जातील.

मी रोज आंघोळीच्या वेळी आरशात पाठ बघायची. पुरळ आलं नाही. किंवा आलं आणि बाथरूमच्या त्या पिवळ्या दिव्यात दिसलं नाही. मध्ये काही दिवस बोटांचे सांधे धरले, वेणी घालताना पेड सुटायचे. डॉक्टरीणबाईंना मी ते सांगितलं. त्यांनी हात हातात घेतला, बोटं दाबून बघितली आणि म्हणाल्या, मोठ्या बायकांना यात सांधेही धरतात.

श्रेणिकनी मोकळं व्हायला गुरुवार ठरवला. मी नको म्हटलं नाही.

*

आवाजासकट

बुधवारी दुपारी हौसाबाई आमच्या घरी आली. छबीला शाळेने मध्यंतरी घरी पाठवलं होतं, आता ती बरी होती, तिला परत सोडायला म्हणून. माझ्या रजेच्या अर्जामुळे शाळेत आता कळलं होतं, आणि शाळेच्या शिपायाने हौसाबाईला सगळं सांगितलं होतं. छबीला बाहेर ओट्यावर बसवून ती आत आली आणि सरळ माझ्या पायांवर पडली.

"उठा, हौसाबाई. हे काय?"

"माझ्या पोरीनं दिलं तुमास्नी. पावडर म्या लावली. तिनं न्हाई. तिच्यावर राग धरू नगासा."

"तुम्हाला काय माहीत होतं, मला दिवस गेलेत ते!"

"का न्हाई सांगितलंसा?"

"तीन महिने सांगत नाहीत."

"व्हय की," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. "न्हाई सांगत. बायांचं बी न्हाई सांगत."

मी पाणी दिलं. तिने ते प्यायलं नाही, तांब्या नुसता धरून बसली.

"कितवा?" तिने हवेत हाताने पोट काढून दाखवलं.

"चौथा लागला." माझा हात आपोआप पोटावर गेला.

"आता काय करनार?"

मी पोटावरचा हात काढून घेतला.

"काढनार."

"उद्या."

तिने डोळ्यांना पदर लावला. मी मनातल्या मनात तयार होऊन बसले होते. ती म्हणेल, आमाला शिकवायला बरं येतंय तुमास्नी. म्हणेल, म्हणजे माझ्या छबीनं जन्मायलाच नको हुतं म्हणा. तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "काढा."

"काय?"

"काढा, बाई. मागं फुडं बघू नगासा."

"तुम्ही म्हणता हे? तुम्ही?"

"म्या न्हाई तर कोन म्हननार? माझ्या छबीकडं कुनी वाकडं बघितलं तर त्याचं डोळं काढीन म्या. पर दुसरी छबी म्या वैऱ्याला बी द्यायची न्हाई." तिने आपल्या कानाला हात लावला, मग खिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या गजांना छबी लटकली होती. "तवा तिसऱ्या महिन्यात मला कुनी सांगितलं असतं तर म्या काय केलं असतं, ते इचारू नगासा मला. देवाशपत इचारू नगासा."

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, तिच्यात काही कमी नाही म्हणून?"

"सांगितलंसा की. लई बरं वाटलं तवा. अजून वाटतंय."

"मग?"

"बाई," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुमी पाच वाजता घरी जाता."

आम्ही दोघी खिडकीकडे बघत बसलो.

*

आवाजाशिवाय

छबीला खिडकीतून जे दिसलं ते असं.

आई बाईंच्या पाया पडली. पाया दिवाळीला पडतात, लग्नात पडतात. बाईंनी आईला उठवलं. दोघी बसल्या. आईने हवेत मोठं पोट काढलं. बाईंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. आई रडली, आया लग्नातही रडतात. मग आईने कानाला हात लावला. मग आईने माझ्याकडे बोट केलं. मग दोघी माझ्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ, कधी कुणी बघितलं नव्हतं असं.

*

ती आत आली. हात मागे नव्हते.

बाळ, तिने हातांनी म्हटलं. पोट. तुमच्या.

मी मान हलवली.

तिने दोन्ही कानांवर तळहात ठेवले. बंद? मग बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. भुवया उंच. माझ्यासारखं?

छबीच्या गावात तिच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. सुट्टीला गेली की ती शाळा उघडेपर्यंत कुणाशी धड बोलत नसे, बोलणार कुणाशी? भाकरी, पाणी, चल, नको एवढंच. हौसाबाई सांगायची, जूनच्या आधी पंधरा दिवसांपासून पोरगी ट्रंक भरून बसते.

आता तिचं तोंड उजळलं होतं. पुन्हा विचारलं, टाचा उंचावून. माझ्यासारखं?

मी हात उचलले. वर्गात तिला ज्यासाठी पट्टी मारायची, तेच मी केलं. हातांनी सांगितलं. हो. तुझ्यासारखं.

छबीने उडी मारली. दोनदा. मग आईच्या गळ्यात पडली.

"का सांगितलंसा तिला असं?" हौसाबाई तिच्या खांद्यावरून म्हणाली. तिला पहिल्यांदाच राग आला होता. "उद्या परत आलासा की तिला काय सांगनार?"

*

गुरुवार.

"पिशवी भरलीस?"

"नाही."

"साडेआठची गाडी आहे."

"मी येत नाही."

श्रेणिक चप्पल घालत होते. एक घातली होती. "काय झालं?"

"मी तिला हो म्हटलंय."

"कुणाला?"

"छबीला."

"कोण छबी? ती... जिच्यामुळे..." ते तसेच एका पायात चप्पल घालून खुर्चीवर बसले. "आठ वर्षांच्या पोरीला तू काहीतरी बोललीस, म्हणून आपण जन्मभर..."

"हो."

"वेड लागलंय तुला."

"लागलं असेल."

"आणि ते जर सगळंच घेऊन आलं? कान, डोळे, डोकं? मग काय ती छबी येणार आहे सांभाळायला?"

मी रिकामी पिशवी परत खुंटीला लावली. साडेआठची गाडी गेली. ते त्या चपलेसकट कामावर गेले. दुसरी बहुधा दारात घातली असेल.

*

आयांमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. शनिवारी मुलांना भेटायला आल्या की त्या आधी माझ्याकडे यायच्या. एकीने डिंकाचे लाडू आणले, एकीने सुकं खोबरं. एक म्हातारी आजी, नातवाला भेटायला यायची, ती माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाई आता आमच्यातल्या झाल्या." सगळ्या हसल्या. मीही हसले. मला अभिमान वाटला, हे खरं.

फक्त हौसाबाई लांब उभी राहून बघायची. लाडू तिनेही आणले, पण "आमच्यातल्या" कधी म्हणाली नाही.

छबीने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मुलं रोज माझ्या पोटाकडे बघायची आणि एकमेकांना काहीतरी सांगायची. एका मुलाने विचारलं, बाळाचं यंत्र कुठल्या रंगाच्या पिशवीत घालणार? छबी म्हणाली, लाल. माझ्यासारखी.

*

मुलगी झाली. वजन कमी, पण रडली जोरात. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं. स्वच्छ. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. ठीक.

"कानांचं इतक्यात नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळेलच माझ्या आधी."

मला कळू शकत होतं. तेच माझं काम होतं. मूल जागं असताना, त्याला दिसणार नाही असं मागे जायचं आणि खुळखुळा वाजवायचा, नाहीतर टाळी. शेकडो मुलांच्या मागे मी अशी उभी राहिले होते. स्वतःच्या मुलीच्या मागे एकदाही गेले नाही. श्रेणिकही नाही. ते दार लोटायचे ते सुद्धा कडीला हात धरून. कुकरच्या शिट्टीवर मी ओला फडका टाकायची. चोराच्या घरात राहावं तसे आम्ही दोघं राहत होतो, आवाज होऊ नये म्हणून जपत, आणि जपतोय हे एकमेकांना न सांगता.

श्रेणिक एकदा म्हणाले, "नाव काय ठेवायचं?"

मी म्हटलं, "ओठांवर दिसेल असं."

त्यांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "पमा?"

"पमा."

*

बारशाला आया आल्या, शाळेतली दहा-बारा मुलं आली. घर लहान, त्यामुळे मुलांना पाळण्याच्या सभोवती सतरंजीवर बसवून हातात घुगऱ्यांचे द्रोण दिले होते. बाया दाराशी, ओट्यावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. श्रेणिकची बहीण, माझ्या वन्सं, कोल्हापूरहून आल्या होत्या. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्याने बाळाच्या कानाशी वाकून कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि मागून बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे.

वन्सं वाकल्या. त्यांना सगळं माहीत होतं. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. "कुर्रर्र," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मलाही नीट ऐकू आलं नाही. "पमा."

कुणी धपाटा घातला नाही. सगळ्या पाळण्यात बघत होत्या.

पमा हलली नाही.

"झोपलंय लेकरू," हौसाबाई दारातून म्हणाली.

"व्हय, झोपलंय. दमलंय," दुसरी म्हणाली. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, घुगऱ्यांत मीठ बरोबर पडलंय, पाळणा कुठून आणला, टोपडं कुणी शिवलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात फळीवरची परात पडली.

पितळेची मोठी परात. फरशीवर पडली, गरगरली, पुन्हा आपटली. दारातल्या बाया दचकल्या. वन्संनी छातीला हात लावला. श्रेणिकच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळला. सतरंजीवर बसलेल्या मुलांपैकी एकानेही मान वर केली नाही. घुगऱ्या खात होती, एक मुलगा दुसऱ्याच्या द्रोणातली घुगरी चोरत होता.

आणि पाळण्यात पमाचे दोन्ही हात झटकन हवेत उघडले, बोटं ताणली गेली, तोंड वेडंवाकडं झालं आणि ती किंचाळून रडायला लागली.

माझ्या तोंडून काय निघालं ते मला आठवत नाही. वन्सं नंतर म्हणाल्या, मी ओरडले. मला आठवतं ते एवढंच की मी पाळण्याची दोरी धरून खाली बसले होते आणि माझं रडणं थांबत नव्हतं. श्रेणिक भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. वन्सं म्हणत होत्या, "पावला देव, पावला गं बाई!" इतकं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. त्यातच मी मान वर केली आणि दारातल्या बाया दिसल्या.

त्या हसत होत्या. सगळ्या. "बरं झालं, बाई," कुणी म्हणालं. "देवानं बघितलं." ती म्हातारी आजी पदराने तोंड पुसत होती. "लई बरं झालं." त्या मनापासून म्हणत होत्या. आणि म्हणता म्हणता एकेक जण पाळण्यापासून थोडी मागे सरकत होती, आपापल्या मुलाच्या मागे जाऊन उभी राहत होती.

हौसाबाई सरकली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

छबीचा द्रोण अर्धा राहिला होता. तिने तो खाली ठेवला. आवाज काय झाला ते तिला कळलं नव्हतं, पण बायांचं दचकणं तिने टिपलं असणार, पाळण्यातले हात टिपले असणार. अशा गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नसत. तिने पाळण्यात वाकून बघितलं. मग माझ्याकडे.

बाळ, तिने हातांनी विचारलं. ऐकतं?

मी मान हलवली.

तिचं तोंड पडलं. क्षणभरच. मग तिने माझे डोळे बघितले, ओले गाल बघितले, आणि तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं. मोठ्या माणसाचं. ती माझ्याजवळ आली, मांडीला मांडी लावून बसली. फ्रॉकच्या घेराने तिने माझे गाल पुसले, आधी एक, मग दुसरा. पाठीवरून हात फिरवला. मग मला नीट दिसावं म्हणून समोर सरकली आणि सावकाश, एकेक खूण सुटी करत सांगितलं.

रडू नका. बाळ लहान आहे. ऐकतं तर ऐकू दे. मी शिकवीन.

माझे हात मांडीत होते, ते उचलले गेले नाहीत.

"काय म्हणतेय गं ही पोर?" वन्संनी विचारलं. त्या कुणाला विचारत होत्या ते कळलं नाही. खोलीत ज्यांना कळलं होतं त्या सगळ्या गप्प होत्या.

हौसाबाई पुढे आली. छबीचा हात धरून तिला उठवलं, द्रोण परत तिच्या हातात दिला.

"काय न्हाई," ती वन्संना म्हणाली. "बाळ ग्वाड हाय म्हनती."